नावांवरची पट्टी

बाईंनी पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कागदाच्या डाव्या कडेवर ठेवली, पात्रांची नावे तिच्याखाली झाकली गेल्याची खात्री करून घेतली आणि वर चिमटा लावला.

"ही पहिली युक्ती," त्या वर्गाला म्हणाल्या. "नावं झाका आणि नुसते संवाद वाचा. कोण बोलतंय ते ओळखू आलं, तर पात्र जिवंत आहे. नाही आलं, तर सगळ्यांच्या तोंडून लेखकच बोलतोय. दुसरी, मोठ्यानं वाचा. जीभ अडखळेल तिथे काटा. तिसरी, प्रसंग संपायच्या आधी त्यातून बाहेर पडा."

"एवढंच? मग दोन वर्षं काय करायचं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले.

"हेच करायचं."

पटकथालेखनाच्या त्या वर्गात आज एक विख्यात पटकथाकार पाहुणे म्हणून बसले होते. ज्या चित्रपटाने त्यांना कीर्ती दिली, त्याची संहिता नुकतीच पुस्तकरूपाने निघाली होती. तिच्या प्रती मुलांपुढे उघड्या होत्या. बाईंच्या हातातले पानही तिच्यातलेच.

अठरा वर्षांपूर्वी हेच गृहस्थ बाईंच्या घरी नित्य येत, शिलाईयंत्रापाशी बसलेल्या त्यांच्या आईला मावशी म्हणत. आई रुग्णालयात असताना बाईंनी आपली हस्तलिखित वही त्यांना वाचायला दिली. वही परत आली नाही, चित्रपट आला. बाईंपाशी पुरावा नव्हता, आणि साक्ष द्यायला आई उरली नव्हती. दातओठ न खाता, आवाज न चढवता त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि दरवर्षी या पाहुण्यांना अगत्याचे निमंत्रण धाडले. सोळावे निमंत्रण स्वीकारले गेले.

"सर, सुरुवात तुमच्यापासून करू या," बाईंनी पान त्यांच्यापुढे ठेवले. "आवाजावरून पात्र कसं ओळखायचं, ते मुलांना दाखवा."

"म्हणजे आपल्याच घरात वाट विचारायची म्हणता?" पाहुणे हसले.

"तेच म्हणते."

"'कात्री मागायला आलात, की कापड न्यायला?'" त्यांनी खणखणीत आवाजात वाचले. "हा दुकानदार."

बाकांवर पाने सळसळली.

"'मी रडत नाही. सुईत दोरा ओवताना डोळे असेच होतात.' ही मुलगी."

"आई आहे, सर," पुढच्या बाकावरची चष्मेवाली हळूच म्हणाली. "दोन्ही ठिकाणी आईच आहे."

"फार वर्षं झाली गं. सुगरण काय आपलंच रांधलेलं जेवत बसते?"

वर्ग हसला. बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"'तुम्ही म्हणाल तसं.'" या खेपेस पाहुण्यांनी घाई केली नाही. ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. "ही मात्र आई. नक्की."

कुणी हसले नाही.

"तो वकील आहे, सर," चष्मेवाली म्हणाली. "आई असं कुणाला म्हणेल? अख्ख्या पुस्तकात ती एकदाही..." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर पानावरून पाहुण्यांकडे गेली, आणि तिथून, बऱ्याच वेळाने, बाईंकडे.

बाईंनी चिमटा काढून पट्टी उचलली आणि तास संपल्याचे सांगितले. एरवी कुणीही पाहुणे आले की सह्यांसाठी घोळका व्हायचा; त्या दिवशी झाला नाही.

खोली रिकामी झाली तरी ते खुर्चीतच होते.

"मुद्दाम बोलावलंस."

"सोळा वेळा."

"त्या मुलीला कळलंय. आता ती सगळ्यांना सांगेल."

"तिला कान आहे."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. "मावशी गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं. आणि ती वही... इतकी वर्षं तुला सांगायचं होतं, मी..."

हे वाक्य बाईंनी अठरा वर्षे मनातल्या मनात त्यांच्याकडून वदवून घेतले होते. त्याच्या अखेरीस कोणता शब्द येतो, हे त्यांना मुखोद्गत होते. तो उच्चारला की बोलणाऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरेल, हेही त्या जाणून होत्या.

त्यांनी पट्टी पिशवीत ठेवली, पंखा बंद केला, आणि वाक्य अपुरे असतानाच बाहेर पडून दार ओढून घेतले.

दारामागे आवाज थोडा वेळ चालू राहिला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बाईंचे पाऊल अडखळले. मग त्या खाली उतरल्या.