पॅनचा तळ

“आवं, साय फाटली म्हंजी?” सुमनबाईने हळूच विचारलं.

“गप बस. लई साय बघितलीय मी.”

“बघितलीय. घासून काढलीय!”

सहादूने दचकून दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत श्रीरामपूरचे पाहुणे बसले होते: नात यशोधराचं ज्याच्याशी जमत आलं होतं तो चेतन, आणि त्याची आजी रंगुबाई. नशीब, कुणी ऐकलं नव्हतं.

सहादू तीस वर्षं मिलिटरी मेसमध्ये खानसामा होता, हे सगळ्या भिंगारला ठाऊक. त्याने क्रीम चिकन टाकलं की रस्त्याने जाणारा रणगाडा आपोआप स्वयंपाकघराच्या दाराशी वळायचा. ड्रायव्हर बोंबलायचा, पण रणगाडा ऐकायचा नाही. गोष्ट इतकी मुरली होती, की सहादूला रणगाड्याचा नंबरही पाठ होता.

खरं एवढंच, की तो मसालची होता. भांडी घासणारा. चिकनला त्याचा हात लागायचा तो चिकन संपल्यावर. हे घरात फक्त त्याच्या बायकोला, सुमनबाईला माहीत. पोरं-नातवंडं रणगाड्यावरच वाढलेली. आणि आता यशोधरा चेतनला सांगून बसली होती, “क्रीम चिकन आजोबा स्वतः करणार!”

गॅसवर मेसने मोडीत काढलेला तो रुंद पॅन होता. त्याचा तळ सहादूला तळहातासारखा पाठ. तळाला तांबूस कांदा चिकटायचा, करपलेला कधी नाही; म्हणजे आच मंद. मोरीतलं पाणी कधी पिवळं झालं नव्हतं. म्हणजे हळद नाही. नखांत मिऱ्याचे कण अडकायचे. म्हणजे मिरी भरडलेली. आणि ज्या दिवशी तळाला पांढऱ्या गुठळ्या असायच्या, त्या दिवशी खानसामा शिव्या खाऊन आलेला असायचा. म्हणजे साय फाटलेली; ती घालायची गॅस बंद करून. सहादू शेवटाकडून सुरुवातीकडे स्वयंपाक करत होता.

यशोधरा डोकावली. “आजोबा, रंगुआजी विचारतायत, रणगाडा कधी येतो?”

“येतोय म्हनावं. चौकात ट्रॅफिक हाय.”

त्याने गॅस बंद केला. साय ओतली. दोघं म्हातारी पॅनवर वाकली. साय फाटली नाही. सुमनबाईने पदराने त्याचं कपाळ पुसलं.

जेवताना रंगुबाईने दोन उरलेल्या दातांनी तंगडीचं हाड पार पांढरं केलं आणि विचारलं, “दादा, कुनी शिकवलं वं तुमाला?”

रणगाडा सहादूच्या जिभेवर येऊन उभा राहिला. पण म्हातारी इतक्या मायेने बघत होती, की तो पुढे सरकेना.

“कुनी न्हाई,” तो म्हणाला. “मसालची हुतो मी. भांडी घासायचो. तळ बघून बघून कळलं.”

यशोधराचा घास हातातच राहिला. “मग रणगाडा?”

“रणगाडा खरा हाय,” सहादू ठामपणे म्हणाला.

रंगुबाई खो खो हसली. तिने पॅन पुढ्यात ओढला आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने तळ, कडा, सगळं निपटून काढलं. “घ्या. आज तुमाला काम न्हाई ठेवलं. चेतन, तारीख काढायला सांग बापाला.”

पाहुणे गेल्यावर सहादू सवयीने पॅन घेऊन मोरीत बसला. सुमनबाईने तो हातातून काढून घेतला.

“सरका. खानसामा भांडी घासत न्हाई.”

सहादू उठला. मोरीच्या कडेला उभा राहिला. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते त्याला कळेना.