मुठीतला चोर

त्या दुपारी लॉंड्रीच्या दारात कपडे घ्यायला आलेले कमी आणि चमत्कार बघायला आलेले जास्त होते. इस्त्रीच्या टेबलावर पत्र्याची थाळी, थाळीत चिंध्या आणि पलीकडे अग्निबुवा. बुवांनी चिंध्यांवर काळपट राख भुरभुरली, बाटलीतलं 'तीर्थ' शिंपडलं आणि डोळे मिटले. जरा वेळाने धूर निघाला, मग भक्कन जाळ. ना काडी, ना लायटर. सगळ्यांचे हात जोडले गेले.

काउंटरवरच्या मालकीणबाईंचे तेवढे सुटेच राहिले. "कोट नवाकोरा आहे हो," असं गिऱ्हाईक म्हणालं, की त्या आधी कॉलर उलटून बघत. बुवांकडेही त्या त्याच नजरेने बघत होत्या. अग्नी बोलावल्यावर येतो, तर सोबत बाटली कशाला, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

बुवांना आणलं होतं मालकांनी, चोर पकडायला. एका गिऱ्हाइकाच्या कोटातली अंगठी हरवली होती. पोलीस नकोत, बोभाटा नको, म्हणून बुवा. आणि बोभाटा बघायला अर्धी गल्ली हजर. बुवांनी प्रत्येक कामगाराच्या मुठीत चिमूटभर राख दिली. निर्दोष हातात ती गार राहील, चोराच्या हातात पेटेल, असं ठणकावलं.

मुठी आवळल्या गेल्या. थोड्या वेळाने धूर निघाला तो मावशींच्या मुठीतून. नाजूक कपडे हाताने धुणाऱ्या, सगळ्यांत जुन्या मावशी. त्यांनी किंचाळून हात झटकला, पण तळवा भाजला होताच.

"पाप धुतलं जात नसतं, बाई," बुवा म्हणाले.

काल डब्यातला घास मागणारे इस्त्रीवाले दोन पावलं मागे सरकले. मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशी कुणाशी भांडल्या नाहीत. मालकीणबाईंकडे बघून एवढंच म्हणाल्या, "वहिनी, मी नाही हो घेतली."

मालकीणबाईंनी टेबलावर सांडलेली राख कागदाच्या पुडीत बांधली आणि मावशींना घेऊन समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाण्याने हात धुतला, तळव्यावरचा तपकिरी डाग निरखला आणि विचारलं, हाताला काय लावता?

उत्तर मालकीणबाईंनीच दिलं: ग्लिसरीन. सोड्याच्या पाण्याने हात फुटतात म्हणून बाटली त्यांनीच आणून दिली होती. इस्त्रीवाले ते लावत नाहीत, कपड्याला डाग पडतो. धुणं संपलं की मावशी मात्र चोपडून लावायच्या.

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली. राखेत पाणी शुद्ध करायची जांभळी पूड खलून घातली होती. तिला ग्लिसरीन भेटलं, की ती आपोआप तापते आणि पेटते. थाळीत जे बाटलीतून आलं, ते मावशींच्या हाताला आधीच होतं.

दोघी परत आल्या तेव्हा बुवा चहा पीत होते. मालकीणबाईंनी मावशींची बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

"बुवा, हे तळव्याला लावा आणि तुमचीच राख मुठीत धरा. तुम्ही तर चोर नाही ना?"

बुवा म्हणाले, अग्नीची परीक्षा घेऊ नये.

"मावशींची घेतलीत ती?"

बुवांचे हात टेबलाखाली गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि अंगणात फुटक्या बशीत पुडी उपडी करून ग्लिसरीनचे थेंब सोडले. मंत्र नाही, बुवा नाही, तरी जाळ झाला. मग त्यांनी बुवांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. पूड आणि बाटली एकत्र घेऊन हा माणूस बसने फिरतो. एखाद दिवशी बूच सैल झालं तर? बुवांचा चेहरा थाळीतल्या जळक्या चिंध्यांसारखा काळवंडला. कुणाकडून तरी पाहून उचललेली विद्या; ती मुठीतही पेटते, हे त्यांना आजच कळलं होतं. चोर नुसत्या भीतीने कबूल होईल, एवढाच त्यांचा हिशेब होता; मावशींची मूठ पेटल्यावर त्यांनी आपलं नवल लपवून तेच मावशींचं पाप ठरवून टाकलं होतं.

अंगठी दोन दिवसांनी सापडली, कोटाच्या अस्तरात. खिशाला भोक होतं.

मालक मावशींच्या घरी गेले आणि झालं गेलं विसरून कामावर या म्हणाले. मावशींनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला.

"येईन की. पण चोर मला चारचौघांत म्हणालात. इथे दाराआड कशाला सांगताय?"

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत मालक इस्त्रीच्या टेबलापाशी उभे राहिले आणि चूक आपली होती, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, पण जाळ तर आम्ही डोळ्यांनी पाहिला.

"पाहिलात ना," काउंटरवरून मालकीणबाई म्हणाल्या. "मीही पाहिला. डोळ्यांनी पाहिलं की हात जोडायची घाई कशाला? आधी बाटलीत काय आहे ते विचारावं. आपण विचारलं नाही, म्हणून हात मावशींचा भाजला."