कपाळावरचा हात

आमची पोरगी भूमिका मायक्रोबायोलॉजी शिकते. मले त्यातलं काहीच समजत नव्हतं. आता समजते, अन् नसतं समजलं तं बरं झालं असतं.

तिचे बाबा कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या वजनकाट्यावर होते. काटोलकडं बगिचे पाहाले गेले, तिथंच गवतात बसून डबा खाल्ला. दहा-बारा दिवसांनी, गुरुवारी, त्याइले सणकून ताप भरला. अन् रविवारी भूमिकाचं साक्षगंध!

"पुढं ढकलू का वं?" त्याइनं विचारलं.

मी भडकली. "काहून ढकलता? पाव्हणे काय म्हणतीन?"

भूमिका म्हणे, "आई, आधी रक्त तपासू नं."

"गप्प बस! तुही परीक्षा नाही चालू इथं," मी म्हटलं, अन् स्वतः कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. तिथं सांगतलं, दोन दिवसांत माणूस उभा झाला पाहिजे. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या. नाव ना गाव. मीच मोजून त्याइच्या हातावर ठेवल्या.

शुक्रवारी संध्याकाळी ताप गायब. शनिवारी तं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी भूमिकाले म्हटलं, "पाह्य, तुह्या पुस्तकापेक्षा तुही माय हुशार आहे."

रविवारी नवा कुर्ता घालून बसले. पोरीच्या बोटात अंगठी गेली, तवा मले हळूच म्हणाले, "सुभद्रा, आतून काहीतरी बिघडून राहिलं वं. मले बरं नाही वाटून राहिलं."

मी कपाळावर हात ठेवला. थंड लागलं.

"नाटकं नका करू. हसा आता, फोटो काढून राहिले."

ते हसले बिचारे.

सोमवारी सकाळी श्वास लागला. रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरनं करदोडा वर केला, तं खाली काळी खपली होती. त्याइनं सांगतलं, किडा चावल्याची खूण आहे, स्क्रब टायफस वाटते. मंग गोळ्यांची पुडी पाह्यली अन् म्हणाले, यात स्टेरॉईड असंन. औषध सुरू केलं, पण उशीर झाला होता. बुधवारी गेले.

तेरवी झाल्यावर मी भूमिकाले धरून बसवलं. म्हटलं, मले नीट सांग. ताप उतरला होता, मंग माणूस कसा गेला?

ती रडत रडत सांगत होती. "आई, अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात. जंतू कसा दिसते ते त्याइले जन्मापासूनच ओळखू येते, कोणी शिकवावं लागत नाही. जंतू दिसला का त्या निरोप धाडतात, त्याले सायटोकाईन म्हणतात. तो निरोप मेंदूपर्यंत गेला का ताप येते. ताप म्हणजे त्या पेशींची हाक होती. स्टेरॉईडनं हाक बंद झाली. जंतू तसाच वाढत राह्यला."

"म्हणजे त्याइच्या पेशींनी ओळखलं होतं?"

"हो. पहिल्याच दिवशी."

मंग ती घाईघाईनं म्हणाली, "तुही चूक नाही आई, गोळ्यांची आहे." पोरगी गुणाची आहे माही. पण गोळ्या चालत नव्हत्या आल्या घरात.

काल फोटोंचा अल्बम आला. भूमिकानं तो लपवला होता, पण मले सापडला. अंगठीच्या फोटोत मागं आम्ही दोघं आहो. माहा हात त्याइच्या कपाळावर आहे, ते माह्याकडं पाहून राहिले आहेत, अन् मी खुशीनं हसून राहिली आहे.