कथलाची कांडी

देवजी मिस्त्रीचं डोकं मुळातच तापट, त्यात हे इंजिन. लढाई संपली तशी कल्याणच्या लष्करी लिलावात लाकडाच्या वखारवाल्या शेठनं तीन मोडके ट्रक घेतले आणि शहापुरात देवजीच्या दारात आणून टाकले. "तिघांतनं एक उभा कर," म्हणाला. सांगायला काय जातंय! एकाचा ब्लॉक तेवढा धड, दुसऱ्याचा क्रँकचा दांडा, तिसऱ्याचं हेड. त्यात ब्लॉकच्या मानानं क्रँक बारीक. मधली फट भरायला बेअरिंगं घरीच ओतून, तासून बसवायची आणि त्याला कथील हवं. नुसत्या शिशाच्या बेअरिंगांवर ट्रक सपाटीला चालला असता. पण कसाऱ्याच्या घाटात भार पडला की बेअरिंग वितळणार, इंजिन जाम होणार आणि ट्रक माणसांसकट मागं घसरणार.

कथील लढाईत गडप झालेलं. शेठनं खटपटी करून मुंबईहून एकच कांडी मागवली. आसनगाव स्टेशनावरून ती नवसूनं आणून देवजीच्या हाती दिली आणि त्यानं ती घरात ठेवली. नवसू खर्डीकडच्या डोंगरपाड्यावरचा, वखारीत ओंडके उचलायचा. देवजीकडचा अवजड क्रँकही तो एकटा हातांवर तोलून धरायचा, देवजी "हं" म्हणेपर्यंत.

बाजाराच्या दिवशी देवजीनं भट्टी पेटवली आणि कांडी वाकवून पाहिली. खरं कथील वाकवताना कुरकुरतं. ही मुकाट वाकली. शिसं!

देवजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच काळ्या हातांनी तो बाजारात घुसला. नवसू सुकट घेत होता. देवजीनं त्याच्या कानाखाली आवाज काढला. सुकट मातीत सांडली.

"कथील विकून शिसं दिलंस व्हय रे? चोर साला!"

"मी नाय रे मिस्त्री. जशी दिली तशी तुज्या हातात ठेवली."

"खोटं बोलतोस वर?" देवजीचा आवाज पार आग्रा रोडपर्यंत गेला. लोक जमले, हसले. नवसूच्या घरात सगळी मातीची मडकी. तो कथील घेऊन करणार काय, विकणार कुणाला, हे विचारायला अख्ख्या बाजारात एक शहाणा निघाला नाही. पाड्यावरचा ना? मग चोरच! दुपारी शेठनंही त्याला वखारीतून हाकललं.

घरी जेवताना देवजी अजून धुमसत होता. बायको सुंदरानं सगळं ऐकलं आणि तिच्या हातातली पळी थांबली.

"ती कांडी? ती मी कल्हईवाल्याला दिली."

"काय?"

"त्याच्याकडं कथील नव्हतं. बदल्यात दुसरी दिली त्यानं, ती पण पांढरीच. मला काय ठाऊक!"

देवजी ताटावरून उठला. त्यानं तोंड उघडायच्या आत तीच कडाडली, "वरसभर कळकलेली आमटी खाऊन पोरं ओकतायत, तवा नाय उठलात! इंजिनाला कथील, नि पोरांच्या भांड्यांना नाय? नि त्या गरिबाला मारायच्या आधी मला एक शब्द इचारला असतात तर जीभ झडली असती?"

 देवजीला स्वतःचीच शिसारी आली.

कल्हईवाला म्हसा गावच्या जत्रेला निघाला होता. देवजीनं त्याला मुरबाडच्या अलीकडे गाठून उरलेली कांडी हिसकावून घेतली. बेअरिंगं ओतली, तासली. क्रँक बसवायला चौघे लावले, तर चौघांची चार तोंडं. एक पुढे ओढी, दुसरा मागं. शिव्या घालून देवजीचा घसा बसला. शेवटी सगळं तसंच टाकून तो पाड्यावर गेला.

"चूक झाली रे नवसू. शेठला मी सांगतो. कामावर चल."

नवसू कुडाला नवी कारवी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"इथं कशाला सांगतोस? इथं कोन चोर म्हनत नाय मला. बाजारात मारलास, बाजारात येऊन बोल."

देवजीला राग आला. एवढा मिस्त्री चालून दारात आला, तरी हा ऐकेना! परतताना अर्ध्या वाटेत तो राग आपोआप विरला, कारण राग धरण्याजोगं नवसूनं काही केलंच नव्हतं.

पुढच्या बाजारी नवसू सुकटवालीच्या शेजारी येऊन उभा राहिला. देवजी गेला. लोक वळून पाहू लागले. देवजीनं मान खाली घातली आणि पुटपुटला, "कथील यानं घेतलं नव्हतं. माझ्या घरातनंच गेलं."

"मोठ्यानं," नवसू म्हणाला. "त्या दिशी वरडलास तेवढ्या मोठ्यानं."