पत्र्यावरचे दगड

शीलाने शेवटचा दगड पोटाशी धरून शिडीवरून खाली आणला आणि तुळशीजवळच्या ढिगात टाकला. ओट्यावर गहू निवडत बसलेल्या साखराबाईने मान वर केली नाही. हातातले सूप तेवढे जरा जोरात आपटले.

"झालं का समाधान?"

"झालं, माय."

"मग आता पत्रा कशानं ऱ्हाणार हाय जाग्यावर? तुझ्या कागदानं?"

"मल्लिनाथ पत्रा जखडायचे आकडे घेऊन यायलाय उदगीरहून. सभेच्या आधी बसवतो म्हणला."

"मल्लिनाथ 'यायलो' म्हणला म्हंजी आजून अंथरुणात आसंल. तुझं तर बाई, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग."

शीला हसली, पण ओढूनताणून. सकाळपासून तिने कार्यालयाच्या त्या फिटरला, मल्लिनाथला, इतक्या वेळा फोन लावला होता की आता तो उचलतही नव्हता. आणि मावळतीकडे आभाळ काही बरे दिसत नव्हते. वैशाखातले आभाळ, दुपारपर्यंत स्वच्छ असते आणि चहा उकळेपर्यंत रंग बदलते. तिने अंगणात दोन फेऱ्या मारल्या, शिडी भिंतीला लावली, काढली आणि पुन्हा लावली.

देवणीच्या अलीकडच्या या गावात पत्रे लोखंडी पाइपांवर नुसते अंथरायचे आणि वर दगड ठेवायचे, ही रीत. आकडे मारले की पत्र्याला भोके पडतात, भोकातून पाणी गळते, आणि उद्या घर वाढवायचे झाले तर भोकाचा पत्रा दुसरीकडे लावता येत नाही. दगडाला काहीच लागत नाही. एकेका छपरावर माणसाच्या डोक्याएवढे दगड ओळीने बसलेले, आणि त्यांच्याखाली माणसे निवांत झोपलेली. होळीनंतर जमीन दोनदा हलली तेव्हा शेजारच्या दानम्मा काकूंचा एक दगड पत्र्यासकट खाटेवर आला. काकू नुकत्याच चुलीकडे गेल्या होत्या म्हणून वाचल्या. संध्याकाळी त्यांनी पत्रा ठोकून सरळ केला आणि तोच दगड परत वर चढवला.

शीला जिल्ह्याच्या कार्यालयात इंजिनिअर होती. त्या हादऱ्यांनंतर काही गावे निवडून त्यांच्यासाठी घरबांधणीचे नियम करायचे ठरले, आणि मसुदा तिच्याकडे आला. दारे-खिडक्यांच्या वरून घराला चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा असल्याशिवाय नव्या घराला परवानगी नाही; छप्पर भिंतीला जखडलेले हवे; जुन्या घरांच्या छपरावर सुटे वजन ठेवायचे नाही. नियम लागू व्हायला ग्रामसभेचा ठराव हवा होता. पहिले गाव तिचेच निघाले. स्वतःच्या गावाने झिडकारलेला नियम दुसऱ्या गावात कोण ऐकणार, या विचाराने तिची आठवडाभर झोप उडाली होती.

त्यात मागच्या बैठकीत सरपंच गुरुबसप्पांनी तिला भर लोकांत टोमणा मारला होता.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अन् पाषाण तर मॅडमच्या आईच्या पत्र्यावरच हायेत की!"

सगळे हसले. शीलाचे कान तापले आणि तोंडातून निघून गेले, "सभेच्या दिवशी माझ्या आईच्या पत्र्यावर एक जरी दगड दिसला, तर नियम मी मागे घेते."

बोलून बसली होती. आता निस्तरायचे होते.

साखराबाईला पटलेले नव्हतेच. तिचे माहेर किल्लारीकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तिला माहेर म्हणून जायला घर उरले नाही, माणसेही उरली नाहीत. लेकीला वाटे, निदान हिला तरी सांगावे लागू नये. पण साखराबाईचा हिशेब वेगळा होता.

"भुई हालती ती कवातरी. वारं तर दरसाल येतंय," ती म्हणायची, आणि या वाक्याला शीलाकडे पाठ केलेले उत्तर होते, पटलेले नव्हते.

"तू सभेला येतीस का?" शीलाने निघताना विचारले.

"मी कशाला? गहू पडलेत."

"माय, वारं सुटलं तर पत्र्याखाली बसू नको. अंगणात ये."

साखराबाईने खडा वेचून फेकला. "जा तू. उशीर व्हायलाय."

मारुतीच्या सभामंडपात सतरंज्या टाकल्या होत्या. माणसे आली होती, पण सभेला लागतात तेवढी भरत नव्हती. ग्रामसेवक पुन्हापुन्हा डोकी मोजत होता. शीला खांबाजवळ उभी राहून फोनकडे आणि फोनवरून आभाळाकडे बघत होती. शेवटी गुरुबसप्पांनी दोन माणसे पाठवून पारावरचा पत्त्यांचा डाव उठवून आणला आणि सभा सुरू झाली.

शीलाने नियम वाचले. पट्ट्याचे लोकांनी ऐकून घेतले. नवे घर कोण कधी बांधणार होते, त्याची आज कुणाला घाई नव्हती. छपराचे कलम आले तशी दानम्मा काकू डोक्यावरचा पदर सावरून बसल्या.

"दगडं काढली अन् वारं आलं, तर?"

"आकडे बसवायचे, काकू. कार्यालयाकडून मिळणार आहेत."

"कुठं हायेत?"

"येतायत."

"आदी येऊ द्या की मग."

मागून कुणीतरी हसले. शीला उत्तर जुळवत होती, तेवढ्यात मंडपाला बांधलेली कनात एकदम फुगली आणि सतरंजीवरची धूळ उडून सगळ्यांच्या तोंडात गेली. मावळतीकडचे आभाळ विटकरी झाले होते. हातातला कागद तिने घट्ट धरला, पण डोळ्यांपुढे कागद नव्हता. गेल्या वर्षी उदगीरकडच्या एका वस्तीत ती पंचनाम्याला गेली होती. उडालेल्या पत्र्याने एका बाईचा खांदा कापून काढला होता. भिंतीवरचे डाग कुणी पुसलेले नव्हते. आणि इथे माय पत्र्याच्या पडवीत, ओट्यावर, सूप घेऊन बसलेली असणार. सांगितलेले ऐकेल तर ती साखराबाई कसली.

"आलेच," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "पाच मिनिटांत आले."

"अहो मॅडम, मतं घ्यायचीत..."

ती निघालीच होती. बोळातून पळताना तिची ओढणी बाभळीच्या फांदीला अडकली, ती तिने तिथेच सोडली.

ओट्यावर सूप होते, गहू होते, माय नव्हती. दार पुढे ओढलेले. "माय!" तिने हाक मारली. आतून ओ आली नाही. परसात बघितले, तिथेही नाही. कडेचा पत्रा वर उचलला जात होता आणि आपटत होता, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडा जास्त उचलला जात होता. तो सुटला असता तर सरळ बोळात गेला असता. बोळातून लोक घराकडे धावत होते, त्यांच्यात मायही कुठेतरी असेल.

शीलाने तुळशीजवळच्या ढिगाकडे बघितले. मग आभाळाकडे. मल्लिनाथला फोन लावावा, असे तिच्या मनात आले आणि तिचे तिलाच हसू आले, रडू यावे तसे.

तिने दगड उचलला.

शिडी हलत होती. पहिला दगड तिने कडेच्या पत्र्यावर ठेवला, तरी पत्रा दुसऱ्या टोकाला उचलला गेलाच. ती खाली आली, दुसरा घेतला. मग तिसरा. सकाळी जे दगड तिने एवढ्या तोऱ्यात उतरवले होते, तेच आता दुप्पट जड लागत होते. धुळीने डोळे उघडत नव्हते. पाचव्या की सहाव्या खेपेला ती पत्र्यावर गुडघे टेकून बसली होती, हातात दगड, आणि खालून आवाज आला.

"ठराव झाला बरं का, मॅडम. तुमची सही..."

गुरुबसप्पांचे वाक्य तिथेच थांबले. ते फाटकाशी उभे होते, मागे दानम्मा काकू आणि अजून चार-पाच जण. आणि सगळ्यांच्या पुढे, तोंडावर पदर धरून, माय.

"कसा झाला?" शीलाने वरूनच विचारले.

उत्तर दानम्मा काकूंनी दिले. त्यांची नजर मात्र दगडांवरून हलत नव्हती.

"तू गेलीस अन् ही मागच्या बोळानं आली. उभी राह्यली. म्हणली, माझ्या लेकीनं माझं छप्पर उघडं केलंय, अन् मी ते तसंच वाऱ्यात टाकून आलेय. म्हणली, माझं माहेर दगडांनीच खाल्लं. अन् पैला हात हिनंच वर केला. मग काय, आमी बी केले."

पत्रा शीलाच्या गुडघ्यांखाली पुन्हा उचलला गेला. शीलाला वाटले, आत्ता हा पत्रा आपल्यासकट उडून गेला तरी चालेल. त्या माउलीने उभ्या जन्मात चार लोकांत तोंड उघडले नव्हते, आणि आज उघडले ते या कागदासाठी.

गुरुबसप्पांनी धोतराचा सोगा झटकला. त्यांना मागच्या बैठकीतले बोल आठवत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. "मॅडम, तुमीच म्हणला होतात की, एक जरी दगड..."

"मीच सांगितलं तिला," साखराबाई मधेच म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मीच म्हणले, ठिव परत. म्हातारीचं काळीज, अप्पा. तिकडं हात वर केला, पर जीव इकडं व्हता. म्हणून हिला म्हणले, जा, चढव."

"तू तर सभेत होतीस," दानम्मा काकू म्हणाल्या.

"आदीच सांगून ठिवलं व्हतं."

मागे उभ्या असलेल्यांपैकी एक जण फिस्सकन हसला. "बघा म्हातारीचं! हात तिकडं, दगड हिकडं." दुसराही हसला. साखराबाईने मान खाली घातली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. आता गावभर हीच गोष्ट होणार होती, पारावर आणि पिठाच्या गिरणीत, पुढची कितीतरी वर्षे. नियम मात्र वाचला असता.

शीलाने हातातला दगड पत्र्यावर ठेवला. शिडीवरून उतरताना तिचा पाय एकदा सटकला. ती मायजवळ येऊन उभी राहिली. केस धुळीने पांढरे झालेले, तळहात सोललेले.

"न्हाई, अप्पा," ती म्हणाली. आठवडाभर बोललेली कार्यालयातली भाषा कुठे गेली कुणास ठाऊक. "माय काईच म्हणली न्हाई. तिनं मला जा म्हणून सांगितलं फकस्त. मीच चढवले. मला भ्या वाटलं."

"शीले, गप," साखराबाई पुटपुटली.

"आकडे यायच्या आदी मी दगडं उतरवली, हीच माझी चूक. तुमी टोमणा मारला अन् मला राग आला. नियमात लिवलंय, दगड काढा. आकडे बसल्याबिगर काढू नका, हे लिवलं न्हाई. ते सुचलंच न्हाई मला."

गुरुबसप्पांनी डोळे चोळले. धूळ असेल. हसणारे दोघे आता दुसरीकडे बघत होते.

"हे सभेत सांगशील?" त्यांनी विचारले. मॅडम म्हणायचे ते विसरले.

"सांगते."

"ठराव मोडंल, बघ. लोक म्हणतील, जिनं नियम केला तीच पळाली."

"म्हणू द्या."

"मग चल. लोक आजून मंडपातच हायेत. वाऱ्यात कुठं जातील?"

शीलाने मायकडे बघितले. साखराबाई रागावली होती. एवढ्या लोकांत बोललेले खोटे लेकीने असे मातीत घालावे, याचा राग. तिने शीलाच्या तळहाताकडे बघितले, मग पत्र्याकडे. "जा," ती म्हणाली. "मी ऱ्हाते हितं, अंगणात. पत्रा उडाला तर कुठं गेला, ते तरी सांगाया माणूस पायजे."

मंडपात कनात सोडून गुंडाळून ठेवली होती आणि माणसे खांबांच्या आडोशाला दाटीने बसली होती. शीलाने कागद काढला नाही. जे अंगणात सांगितले तेच तिने पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने, कारण वारा थांबलेला नव्हता. शेवटी ती म्हणाली की मी शब्द दिला होता, तो मोडला; आता नियम ठेवायचा की मागे घ्यायचा, ते तुम्ही ठरवा. ठेवायचा असेल तर आकड्यांचे वाक्य त्यात घालून ठेवा.

ग्रामसेवकाने लिहिलेल्या ठरावावर रेघ मारली आणि पेन उघडे धरून बसला.

गुरुबसप्पांनी घसा साफ केला आणि नियम ठेवायचा असेल त्यांना पुन्हा हात वर करायला सांगितले. या वेळी पहिला हात वर करायला माय तिथे नव्हती. शीला लोकांकडे बघत उभी राहिली.