दारात बांधलेली गाडी

दत्तोबांनी गाठ एकदा ओढून पाहिली. मोपेड शोरूमच्या लोखंडी कठड्याला पक्की बांधली गेली होती. मग पटक्याच्या शेवाने त्यांनी मानेवरचा घाम टिपला, घोंगडीची घडी पायरीच्या कडेला टाकली आणि गिऱ्हाइकांची वाट मोकळी राहील अशा बेताने तिच्यावर बसले.

शोरूमचा मालक मानसिंग बाहेर आला.

"आबा, हे काय?"

"गाडी आणलीया."

"ते दिसतंय मला. बांधली कशाला? पळून जाती का काय?"

"पळाली असती तर आणली कशाला असती, मालक? तुमीच म्हनला व्हता, खोड निघाली तर दारात आणून बांधा."

मानसिंगला आधी आठवेना. आठवले तेव्हा तो हसला.

दिवाळीनंतर ही जुनी मोपेड घ्यायला दत्तोबा सुनेबरोबर आले होते. सून मनिषा कागद बघत होती. दत्तोबांना कागदातले कळत नव्हते. जन्मभर मेंढरांच्या बाजारात जो प्रश्न विचारला, तोच त्यांनी इथे विचारला होता. खोड काय हाय? आणि मानसिंग जाता जाता बोलून गेला होता, खोड निघाली तर आमच्या दारात आणून बांधा. बोलणाऱ्याने ते वाऱ्यावर सोडले. ऐकणाऱ्याने मात्र जपून ठेवले. दत्तोबांच्या बाजारात बोली अशीच ठरायची. विकलेल्या जनावरात खोड निघाली तर घेणारा ते विकणाऱ्याच्या दारात बांधायचा आणि गप बसून राहायचा. भांडण नाही, शिवी नाही. फक्त बोलणे मिटेपर्यंत त्या दारचे पाणी प्यायचे नाही.

बांधायला दोरीही होती. त्यांनी राहिलेली मेंढरे विकली ती याच गाडीसाठी. पण जनावर विकले तरी त्याची दोरी द्यायची नसते, म्हणून म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली लोकरीची दोरी घरातच राहिली होती.

मेंढरे विकताना त्यांना कुणी भाग पाडले नव्हते. मुलगा बिरदेव ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. मनिषाला भवानीनगरच्या वाटेवरच्या एका वस्तीवरची बालवाडी मिळाली होती. घरून, पिंपळीहून, चालत जाईपर्यंत उन्हे वर यायची. पोरे थोडा वेळ वाट बघायची आणि मग आयांच्या मागे उसात निघून जायची. रोज संध्याकाळी ती पुठ्ठ्याची चित्रे कापत बसे. एकदा तिने मेंढी कापली, तेव्हा दत्तोबा म्हणाले होते, "शेपूट लई लांब झालं, पोरी." तिने मुकाट्याने कात्री घेऊन शेपूट आखूड केले होते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन सांगितले, पोरांना मेंढी लगेच ओळखू आली. त्याच आठवड्यात दत्तोबांनी मेंढरांचे गिऱ्हाईक बघितले.

गाडी आली आणि चार दिवस गुण्यागोविंदाने चालली. पुढे रोज ओढ्याच्या चढाला बंद पडू लागली. मनिषा तीनदा शोरूमला घेऊन आली. पहिल्यांदा त्यांनी कार्बोरेटर धुऊन दिला. दुसऱ्यांदा प्लग बदलला. गाडी दोन-तीन दिवस चालायची आणि पुन्हा चढावर मान टाकायची. तिसऱ्यांदा तिला सांगण्यात आले की दोष गाडीत नाही, चालवण्यात आहे, घरातल्या माणसाला पाठवा. इकडे बालवाडीच्या वरच्या बाईंनी बजावले होते, पुढच्या महिन्यातही उशीर झाला तर जवळची दुसरी बाई बघावी लागेल. त्या रात्री मनिषा जेवली नाही. पहाटे उठून दत्तोबांनी गाडीचे हँडल धरले आणि कालव्याच्या कडेने ती बारामतीपर्यंत ढकलत आणली. घरातला माणूस तेच होते.

मानसिंगने चहा मागवला. दत्तोबांनी हात जोडले.

"चहा न्हाय, मालक. पाणी बी न्हाय. पिलं म्हंजी मिटलं असं हुतंय."

"बसा मग," म्हणून मानसिंग आत गेला.

ऊन चढले. डाळजहून एक नवराबायको जुनी गाडी बघायला आले. त्यातल्या माणसाने कठड्याला बांधलेली मोपेड पाहिली आणि म्हाताऱ्याला विचारले, इथल्या गाड्या कशा असतात. काउंटरमागे मानसिंगच्या हातातले पेन थांबले.

दत्तोबांनी जरा विचार केला. "माझी आजारी हाय," ते म्हणाले. "ह्यास्नी दाखवायला आणलीया. बरी झाल्याबिगर मी चांगलं सांगायचं न्हाय, आन् वाईट बी सांगायचं न्हाय."

नवराबायको आत गेले. मानसिंग त्यांच्याशी बोलत होता, पण त्याची नजर मधूनमधून पायरीकडे जात होती.

जेवणाच्या सुट्टीत मेकॅनिक जयवंता भाकरी घेऊन दत्तोबांच्या शेजारी येऊन बसला. त्याने अर्धी भाकरी पुढे केली. दत्तोबांनी मान हलवली. जयवंताने खालच्या आवाजात सांगितले, "आबा, सूनबाईचा काय दोष न्हाय. टाकीत गंज हाय. आमी खालचा कार्बोरेटर धुतो, वरनं परत घाण उतरती. टाकी काढायची तर दिस मोडतो, म्हणून ऱ्हातंय. माझं नाव नका सांगू."

"न्हाय सांगत," दत्तोबा म्हणाले. "तू जेव."

दुपार कलली तशी मानसिंग स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. त्याच्या आवाजातला सकाळचा थट्टेचा सूर गेला होता.

"आबा, सकाळपासून घोटभर पाणी नाही तुमच्या पोटात. माझ्या दारात तुम्हाला काही झालं तर? आमचा बाप तुमच्याच वयाचा होता."

"मग त्यास्नी ही रीत ठावी असंल," दत्तोबा शांतपणे म्हणाले. "मालक, मेंढरू सारखं हागाय लागलं तर शेपूट धुवून भागत न्हाय. प्वाट बघावं लागतं."

मानसिंगने जयवंताकडे पाहिले. जयवंता दुसरीकडे पाहत होता. मग मानसिंगने तांब्या पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "जयवंता, टाकी उतरव."

टाकी उतरवून उलटी केली, तेव्हा पेट्रोलबरोबर विटकरी गाळ बाहेर आला. जयवंताने आत बारीक खडी आणि रॉकेल घातले, तोंडाला बूच मारले आणि टाकी खळखळ हलवू लागला. त्याचे हात भरून आले, तेव्हा दत्तोबा उठले. त्यांनी टाकी छातीशी धरली, आजारी कोकराला धरावे तशी, एक हात खाली, एक वर, आणि तालात हलवत राहिले. खडी बाहेर काढायची, गाळ बघायचा, पुन्हा घालायची. रॉकेल स्वच्छ निघेपर्यंत तिघे हेच करत राहिले. तिसरा मानसिंग होता. तो बाही वर सारून बूच धरत होता.

गाडी सुरू झाली. जयवंताने लांब चक्कर मारून आणली. मानसिंगने पायरीवरचा तांब्या उचलला, पाणी बदलून आणले आणि दत्तोबांच्या हातात दिले. ते ओंजळीने न पिता तांब्यानेच, वरून, सगळे पाणी प्याले. मग चहाही घेतला. मग गाठीची लोंबती शेंडी ओढली. गाठ एका झटक्यात सुटली.

जयवंता म्हणाला, चला, मागे बसा, गावात सोडतो. दत्तोबा म्हणाले, बरं झालेल्या जनावरावर लगेच कुणी बसतं का? आणि हँडल धरून चालू लागले.

कालव्यावर मनिषा समोरून येताना दिसली. बालवाडी सुटल्यावर ती तशीच त्यांना शोधत बारामतीच्या वाटेने निघाली होती. सासऱ्याकडे पाहून तिचे डोळे भरून आले, पण त्यांना ते आवडत नाही हे तिला ठाऊक होते. तिने फक्त विचारले, "मामा, जेवला का?"

"घरी जेवू. तू बस गाडीवर. हो फुडं, मी येतो मागनं."

ती थोडी पुढे जायची आणि बाभळीखाली थांबायची. ते पोचले की पुन्हा पुढे जायची. जन्मभर ते असेच कशाच्या तरी मागून चालत आले होते. त्यांना त्यात काही वेगळे वाटले नाही.

रात्री गाडी मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात लावली. दत्तोबांनी लोकरीची दोरी आणली आणि गाडी एडक्याच्या जुन्या खुंटीला बांधली. हँडलला कुलूप होते. मनिषाने ते लावलेले त्यांनी पाहिलेही होते.

सकाळी ते जागेच होते, पण उठले नाहीत. वाड्यात दोरीची शेंडी ओढल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली. आवाज गल्लीतून गेला, मारुतीच्या देवळापाशी वळला, ओढ्यात उतरला. दत्तोबांनी कान दिला. आवाज जड झाला, चढाला लागला, आणि चढून पलीकडे जात जात बारीक होऊन मिटला.

मग ते उठून वाड्यात गेले. दोरी खुंटीवर टांगलेली होती. ते स्वतः गुंडाळत तशीच, कोपरावर वेढे घेऊन, शेवटचा वेढा आडवा घालून गुंडाळलेली.