घड्याळकाकांच्या कंबरेचे माप

मित्रांनो, टेलरमास्तरांच्या गळ्यात वर्षानुवर्षे रुळलेली मी कापडी टेप. आता माझे सुरुवातीचे आकडे पुसट झाले आहेत, कडा विरल्या आहेत. पण मी कृतज्ञ आहे, कारण एका माणसाच्या मी वेळेवर उपयोगी पडले.

कारखान्यात दोन्ही टोकांना पितळी पत्रे बसवून मी बाहेर पडले आणि थेट मास्तरांच्या दुकानात आले. छाती, खांदा, बाही, कंबर. मास्तर मापे घेत आणि वहीत उतरवत. "मास्तरांचं माप कधी चुकत नाही," असे कोणी म्हटले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

शेजारच्या गाळ्यात घड्याळे दुरुस्त करणारे काका बसत. हातपाय काटकुळे. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर जागचे हलत नसत. बसल्या जागी गोड चहा आणि बिस्किटे चालत. त्यांच्या पत्नीचे समोरच लाँड्रीचे दुकान होते. काकू अंगाने भरलेल्या, पण दिवसभर उभ्याने इस्त्री करत, कपड्यांचे गठ्ठे घेऊन जिने चढत. "आमच्या घरात वजनदार माणूस एकच," असे काका चारचौघांत म्हणत. काकूही हसत. इलाज नसल्यासारख्या.

एकदा काका पँट शिवायला आले. मास्तरांनी मला त्यांच्या कंबरेभोवती गुंडाळले आणि मग जुनी वही उघडली.

"बारा वर्षांपूर्वी एकतीस इंच होती. आज सदतीस."

"छे! माझं वजन वीस वर्षांत दोन किलोसुद्धा वाढलेलं नाही. तुझी टेपच आटली असेल."

मला फार लागले. मास्तरांनी मला लोखंडी पट्टीवर ताणून दाखवले. मी तंतोतंत होते.

"हातपाय बारीक होतायत आणि पोट वाढतंय," मास्तर म्हणाले, "म्हणून वजनाचा काटा तिथल्या तिथे दिसतो. दोन वर्षांत तीनदा चष्मा बदललास. परवा तुझ्या हातून स्क्रू निसटला. एकदा रक्तातली साखर तपासून घे."

काका कापड उचलून निघून गेले. आठ दिवस दोघांत अबोला होता. माझ्यामुळे जुनी मैत्री तुटते की काय, या काळजीने मी खुंटीवर लटकून राहिले.

शेवटी काकूच मास्तरांकडे आल्या. "भावजी, यांचं काय बिनसलंय?" त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि नवऱ्याला एवढेच सांगितले, "मला रक्त तपासून घ्यायचंय. सोबत चला, तुमचंही होऊन जाईल." दोष निघालाच तर बायकोत निघेल, अशा खात्रीने काका गेले.

रिपोर्ट आले तेव्हा काका दुकानात येऊन स्टुलावर बसले. काकू मागे उभ्या होत्या.

"हिची साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळं ठीक. माझं तिन्ही वाढलेलं, आणि सोनोग्राफीत यकृतावरही चरबी दिसली. डॉक्टर म्हणाल्या, ती पोटात आत साठते. नुसत्या वजनावरून कळत नाही." मग ते काकूंकडे वळले. "इतकी वर्षं मी तुला हसलो. चुकलं माझं."

"उद्यापासून गठ्ठे उचलायला या," काकू म्हणाल्या, "म्हणजे फिटंफाट."

काका खरोखर गठ्ठे उचलायला गेले. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर सुटली, जेवणानंतर दोघे चालू लागले. वर्षाने मी मोजले: चौतीस. वजन जेमतेम दोन किलोंनी उतरले होते, पण साखर ताब्यात आली, आणि स्क्रू पुन्हा पहिल्या प्रयत्नात बसू लागले.

मास्तरांनी नवी टेप घेतली तेव्हा काकांनी मला मागून घेतले. मी आता त्यांच्या घरी असते. काकूही दरवर्षी तपासणी करून घेतात. एकदा ठीक निघाले म्हणजे कायमचे नव्हे, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

मित्रांनो, कोणाला जाड म्हणून हसू नका आणि सडपातळ आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. घरातल्या मोठ्यांना वर्षातून एकदा तपासणीला न्या. ऐकत नसतील, तर सोबत जा. काका तपासणीला गेले ते कोणीतरी "सोबत चला" म्हणाले म्हणूनच.